एचआयव्ही, टी-पेशी आणि माणसामाणसांतला फरक: एकच लस सगळ्यांना चालेल का?

टिटवी

परवा दुसऱ्या एका चर्चेत कुणीतरी लिहिलं होतं, "एचआयव्हीची लस आफ्रिकेत फसली, कारण तिकडच्या लोकांची प्रतिकारशक्तीच वेगळी." चर्चा लगेच भलतीकडे वळली, म्हणून हा वेगळा धागा काढतेय. मी काही वर्षं एचएलए टायपिंगच्या (पेशींवरच्या ओळखीच्या रेणूंचे प्रकार तपासण्याच्या) प्रयोगशाळेत काम केलंय, त्यामुळे त्या वाक्यातला अर्धा भाग खरा आहे हे माहीत आहे. उरलेला अर्धा कुठे घसरतो ते मांडून बघते.

आधी थोडी पायाभरणी. जाणकारांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल.

एचआयव्ही सीडी४ पेशीत (प्रतिकारशक्तीला दिशा देणाऱ्या टी-पेशीत) शिरला की अँटीबॉडीच्या दृष्टीने तो गायब होतो. अँटीबॉडी रक्तात फिरतात, बंद दारामागे काय चाललंय ते त्यांना दिसत नाही. पण प्रत्येक पेशीला एक सवय असते. आत जी प्रथिनं बनतायत त्यांचे छोटे तुकडे, साधारण ८ ते ११ अमिनो आम्लांचे, ती बाहेर टांगून ठेवते. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवरून घरात कोण राहतं ते कळावं, तसं. सीडी८ टी-पेशी गस्त घालताना ही दोरी बघतात. अनोळखी कपडा दिसला की घरच पाडतात.

हे कपडे ज्या चिमट्यांनी लावलेले असतात ते चिमटे म्हणजे एचएलए रेणू. त्यांची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर आहेत. ए, बी आणि सी असे तीन मुख्य प्रकार, प्रत्येकी एक आईकडून आणि एक वडिलांकडून, म्हणजे जास्तीत जास्त सहा वेगळे चिमटे. माणसाच्या सगळ्या जनुकांत सर्वाधिक विविधता इथेच सापडते आणि त्यातही 'बी' सगळ्यांच्या पुढे. माझ्या चिमट्यात जे कापड नीट बसतं ते तुमच्या चिमट्यात बसेलच असं नाही. एकच विषाणू, पण तुमच्या टी-पेशींना त्याचा एक तुकडा दिसतो आणि माझ्या टी-पेशींना दुसराच.

काही चिमटे एचआयव्हीच्या बाबतीत फार कामाचे निघाले. बी५७ आणि बी२७ (हे 'बी' चिमट्याचे क्रमांक दिलेले प्रकार) असलेल्यांमध्ये औषधांशिवायही विषाणूचं प्रमाण बराच काळ कमी राहू शकतं. आफ्रिकेत बी५८:०१ आणि बी८१:०१ यांचंही तसंच. उलट बी३५ च्या काही उपप्रकारांत आजार वेगाने वाढतो. आणि हे चिमटे जगभर सारखे वाटलेले नाहीत. बी२७ उत्तर युरोपात बराच आढळतो, सहाराच्या दक्षिणेला दुर्मीळ. जपानमध्ये बी५७ आणि बी२७ दोन्ही जवळजवळ नाहीतच.

तेव्हा 'लोकसमूहांत फरक आहे' हे खरं. 'म्हणून लस फसली' हे मला पटत नाही. बोला.

कोरा कागद

दोरीवरचे कपडे आवडले. एक बाळबोध शंका. ज्यांच्याकडे बी५७ आहे त्यांना एचआयव्ही होतच नाही का?

टिटवी

होतो. इथे गल्लत होते म्हणून ठळकपणे सांगते: सीडी८ टी-पेशी लागण थांबवत नाहीत. पेशीला लागण झाल्यावरच दोरीवर कपडा येतो, आणि मगच त्यांना काम असतं. बी५७ वाल्यांनाही लागण होते, पण पुढे विषाणू दबलेला राहण्याची शक्यता वाढते. औषधांशिवाय ज्यांच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही सापडत नाही त्यांना एलिट कंट्रोलर म्हणतात. लागण झालेल्यांपैकी असे एक टक्क्याहूनही कमी. त्यांच्यात बी५७ वाल्यांचं प्रमाण बरंच जास्त भरतं, पण बी५७ असलेला प्रत्येक जण कंट्रोलर होतो असं मुळीच नाही.

लागणच होऊ न देणारा जनुकीय फरक म्हणजे सीसीआर५-डेल्टा३२. तो एचएलएशी संबंधित नाही, ते दाराचं कुलूप आहे. युरोपीय वंशाच्या साधारण दहा टक्के लोकांत त्याची एक प्रत असते आणि एक टक्क्याच्या आसपास लोकांत दोन. दोन असतील तरच खरं संरक्षण. आफ्रिका आणि आशियात तो क्वचितच आढळतो.

गोगलगाय

डॉक्टर आहे, एचआयव्हीच्या रुग्णांना तपासते. टिटवीताईंचं लिखाण सोपं आणि अचूक आहे. त्यात एक भर घालते.

बी५७:०१ आम्हाला वेगळ्याच कारणासाठी पाठ असतो. अबाकॅव्हीर नावाचं एचआयव्हीचं औषध आहे. बी५७:०१ असलेल्यांपैकी बऱ्याच जणांना त्याची जीवघेणी रिअॅक्शन येऊ शकते: ताप, पुरळ, दम, सगळं एकदम. म्हणून ते सुरू करण्याआधी ही तपासणी करायची असते. म्हणजे जो चिमटा विषाणूला पकडतो तोच औषधामुळे बिथरतो. बी२७ चंही तसंच. पाठीचा कणा आखडवणाऱ्या अँकिलोजिंग स्पाँडिलायटिसशी त्याचा संबंध कित्येक दशकांपासून माहीत आहे.

याचं एक स्पष्टीकरण मला फार आवडतं. बी५७ मध्ये आपल्या स्वतःच्या प्रथिनांचे तुलनेने कमी प्रकारचे तुकडे बसतात. थायमस या ग्रंथीत टी-पेशींची छाननी होते तेव्हा 'स्वतःवर उलटणाऱ्या' म्हणून ज्या पेशी काढून टाकल्या जातात त्या यामुळे कमी असतात. परिणामी जरा जास्तच सैलपणे ओळखणाऱ्या, थोडा बदललेला तुकडाही पकडणाऱ्या पेशी शिल्लक राहतात. विषाणूसाठी ही डोकेदुखी, पण कधीकधी आपल्यासाठीही.

वक्रतारा

चांगला धागा. पण 'बी५७ संरक्षक, बी३५ घातक' अशी यादी करून ठेवली की लोकांना वाटतं हे गुण चिमट्याच्या अंगचे आहेत. तसं नाहीये. बोट्स्वानात २०१४ च्या आसपास पाहिलं तेव्हा बी५७ आणि बी५८:०१ चा फायदा जवळपास दिसेनासा झाला होता. शेजारच्या दक्षिण आफ्रिकेत तो अजून टिकून होता. चिमटे तेच, विषाणूचा उपप्रकारही (म्हणजे विषाणूचं घराणंही) तोच, 'सी'. मग फरक कशाचा?

टिटवी

वक्रतारा, मी याच मुद्द्याकडे येणार होते. आता सविस्तर लिहिते, कारण मला विचाराल तर या विषयातली सगळ्यात सुरस गोष्ट हीच आहे. बोट्स्वानाच्या आधी जपान घेऊ.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये हिमोफिलियाच्या अनेक रुग्णांना दूषित रक्तघटकांतून एचआयव्हीची लागण झाली. त्या गटात बी५१ हा चिमटा असलेल्यांचा आजार संथ गतीने वाढला. जपानमध्ये बी५१ भरपूर आहे. पण नंतरच्या काळात ज्यांना लागण झाली त्यांच्यात बी५१ चा हा फायदा उरलाच नाही. माणसं तीच, जनुकं तीच, मग वीस-पंचवीस वर्षांत काय बदललं?

बदलला तो विषाणू. बी५१ ज्या तुकड्याला धरतो त्याचं शेवटचं अमिनो आम्ल रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज या प्रथिनातल्या १३५ व्या जागेवरचं. ते बदललं की तुकडा चिमट्यातून निसटतो. विषाणूने नेमका तोच बदल केला, आणि त्यामुळे त्याचं स्वतःचं विशेष काही बिघडलं नाही. मग हा बदललेला विषाणू बी५१ नसलेल्यांतही पसरला आणि तिथेही तसाच राहिला, मागे फिरण्याचं त्याला कारणच नव्हतं. होता होता नव्याने लागण होणाऱ्याला मुळातच 'पळालेला' विषाणू मिळू लागला. २००९ मध्ये जगातल्या नऊ ठिकाणचे गट तपासून हे काम प्रसिद्ध झालं. ज्या लोकसमूहात बी५१ जास्त, तिथे हा बदलही जास्त, अशी सरळ संगती लागली.

आता याच्या उलटचं उदाहरण. बी५७ ज्या तुकड्यांना धरतो त्यातला एक गॅग प्रथिनात आहे, म्हणजे विषाणूच्या आतल्या कवचात. विषाणू तिथेही पळ काढतो, २४२ व्या जागी थ्रिओनिन काढून ॲस्परजिन बसवतो. पण हे कवच म्हणजे एकात एक अडकवलेल्या तुकड्यांची घडण आहे. एक तुकडा बदलला की सांधे सैल होतात आणि विषाणूची वाढ मंदावते. असा लंगडा विषाणू बी५७ नसलेल्या माणसात गेला की हळूहळू परत मूळ रूपावर येतो. चिमट्याचा दाब गेला की लंगडत राहण्यात काय अर्थ?

तेव्हा 'संरक्षक' चिमट्याची खुबी एवढीच की तो विषाणूची दुखरी नस पकडतो. ती सोडवून घ्यायची तर किंमत मोजावी लागते. बोट्स्वानातली साथ मोठी आणि जुनी आहे आणि बी५७, बी५८:०१ तिथे बरेच आहेत, त्यामुळे विषाणूला सराव भरपूर मिळाला. चिमट्यांचा फायदा ओसरला, पण तिथल्या विषाणूची वाढण्याची क्षमताही दक्षिण आफ्रिकेतल्यापेक्षा कमी आढळली. म्हणजे एका बाजूने हरलो, दुसऱ्या बाजूने थोडं कमावलं.

पिंपळपान

हे वाचून अंगावर काटा आला. लोकसमूह विषाणूला घडवतो आणि विषाणू परत येऊन त्याच लोकसमूहाचं गणित बिघडवतो.

मग दुर्मीळ चिमटा असणं फायद्याचं ठरत असेल ना? विषाणूचा सराव तर बहुसंख्यांच्या चिमट्यांवर झालेला.

टिटवी

अगदी बरोबर. अमेरिकेतल्या एका जुन्या गटात नेमकं हेच दिसलं होतं: ज्यांचे एचएलए गट दुर्मीळ, त्यांच्यात विषाणूचं प्रमाण सरासरीने कमी. आणि आईकडून-वडिलांकडून एकसारखेच चिमटे आलेत, म्हणजे सहाऐवजी चार किंवा पाचच वेगळे, त्यांच्यात आजार वेगाने वाढतो हे १९९९ मध्येच दाखवलं गेलं. दोरीवर विविधता हवी.

कोरा कागद

आणि जपानमध्ये बी५७ नाही, बी२७ नाही, बी५१ निकामी झाला. मग तिथे कुणीच विषाणूला दाबून ठेवत नाही?

टिटवी

ठेवतात की. तिथे बी५२:०१ आणि सी१२:०२ ही जोडगोळी हे काम करते. युरोप-अमेरिकेतल्या याद्यांत ही नावं वरच्या बाजूला सापडत नाहीत, कारण तिथे शोधणाऱ्यांना ती फारशी भेटलीच नाहीत.

वक्रतारा

+१. आणि हा फक्त एचएलएचा प्रश्न नाही. सुरुवातीचे संपूर्ण जनुकसंचाचे अभ्यास मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर झाले. २०१० मध्ये कंट्रोलर लोकांचा मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास आला, त्यात एचएलए-बी च्या खाचेतल्या ९७ व्या अमिनो आम्लाचं महत्त्व कळलं. काम उत्तम होतं. पण आफ्रिकी वंशाच्या लोकांवर पुरेसा मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पहिल्या गुणसूत्रावर सीएचडी१एल या जनुकाजवळ एक नवीनच फरक सापडला. तो असलेल्यांत विषाणूचं प्रमाण कमी. हा फरक आफ्रिकी वंशातच आढळतो, त्यामुळे युरोपीय माणसं आणखी दहा लाख तपासली असती तरी सापडला नसता. एचआयव्हीचं सर्वाधिक ओझं ज्या खंडावर, तिथल्या लोकांच्या जनुकांकडे चाळीस वर्षांनी वळायचं!

जुना वाचक

सगळं वाचलं. शास्त्र रंजक आहे, मान्य. पण लस हवीच कशाला? लागण टाळणाऱ्या लेनाकॅपॅव्हीर या औषधाची सुई वर्षातून दोनदा घ्यायची. २०२४ च्या चाचणीत दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या २१३४ तरुणींना ती दिली, एकीलाही लागण झाली नाही. शून्य! चिमटे कुठले, उपप्रकार कुठला, काही विचारावं लागत नाही. लसवाले चाळीस वर्षं काय करतायत?

गोगलगाय

जुना वाचक, शून्याचा तो आकडा वाचला तेव्हा मीही खुर्चीतून उठले होते. तरीही. जगात सुमारे ४ कोटी लोक एचआयव्हीसह जगतायत आणि २०२३ मध्ये जवळपास १३ लाख लोकांना नव्याने लागण झाली. दर सहा महिन्यांनी निरोगी माणसाने सुईसाठी परत यायचं, आयुष्यभर, तेही 'मला धोका आहे' हे कुणापुढे तरी कबूल करून. औषध उत्तम आहे, पण ते पोचवणारी साखळी कुठे तुटते ते मी रोज बघते. लस या साखळीची कडी कमी करते.

शिवाय टी-पेशींचा हा अभ्यास फक्त लागण टाळण्यासाठी नाही. आधीच लागण झालेल्यांना औषधांशिवाय राहता यावं म्हणून ज्या उपचारात्मक लसी तपासल्या जातात, त्या याच पायावर उभ्या आहेत.

जुना वाचक

हे पटलं. 'लसवाले' शब्द मागे.

वक्रतारा

आता मूळ वाक्याचा समाचार घेऊ: "आफ्रिकेत फसली." चाचण्या क्रमाने लावल्या की चित्र वेगळं दिसतं.

स्टेप चाचणी. ॲडेनोव्हायरस ५ या वाहक विषाणूवर एचआयव्हीचे गॅग, पोल आणि नेफ हे भाग बसवलेली टी-पेशींची लस. सुमारे ३००० स्वयंसेवक, प्रामुख्याने उत्तर-दक्षिण अमेरिका, कॅरिबियन आणि ऑस्ट्रेलियातले. सप्टेंबर २००७ मध्ये थांबवली. म्हणजे पहिलं मोठं अपयश आफ्रिकेतलं नव्हतंच. उलट ज्यांच्या अंगात या वाहकाविरुद्धची प्रतिकारशक्ती आधीपासून होती आणि ज्यांची सुंता झालेली नव्हती अशा पुरुषांत लागण वाढलेली दिसली. त्याच लसीची दक्षिण आफ्रिकेतली चाचणी, फांबिली, लगोलग बंद करावी लागली.

थायलंडमधली आरव्ही१४४ चाचणी. १६,४०२ लोक, निकाल २००९, परिणामकारकता ३१.२ टक्के. आजवरचा सगळ्यात आशादायक आकडा हाच, आणि तोही अँटीबॉडीमुळे असावा असं विश्लेषण सांगतं, सीडी८ मुळे नव्हे.

मग तीच कल्पना उपप्रकार सी साठी बेतून दक्षिण आफ्रिकेत एचव्हीटीएन ७०२ ही चाचणी. ५४०० हून अधिक लोक. लस घेतलेल्यांत १२९ लागणी, प्लासिबो म्हणजे खोटी लस घेतलेल्यांत १२३. २०२० च्या सुरुवातीला बंद.

मग मोझेक लस (जगभरच्या विषाणूंचे तुकडे जोडून केलेली), दोन चाचण्यांत. इम्बोकोडो आफ्रिकेतल्या पाच देशांत, २६०० हून अधिक महिला, २०२१ मध्ये निकाल: २५.२ टक्के, संख्याशास्त्राच्या निकषाने शून्यापासून वेगळा म्हणता येणार नाही असा. आणि मोझेइको युरोप-अमेरिकेत, सुमारे ३९०० पुरुष आणि ट्रान्सजेंडर व्यक्ती. तीही जानेवारी २०२३ मध्ये बंद.

आफ्रिकेत फसली, अमेरिकेत फसली, युरोपात फसली. यात लोकसमूहाचा दोष कुठे शोधायचा? आणखी एक. थायलंडवाली मूळ लस, काहीही न बदलता, दक्षिण आफ्रिकेतल्या लोकांना एका छोट्या चाचणीत दिली होती, एचव्हीटीएन ०९७. प्रतिकारक प्रतिसाद थायलंडपेक्षा *जास्त* आला. 'तिकडची प्रतिकारशक्ती कमकुवत' म्हणणाऱ्यांनी हे कुठे बसवायचं?

पिंपळपान

वक्रतारा, तुमचा मुद्दा मान्य, पण एक बाजू राहिली. फरक जनुकांचाच असतो असं नाही. युगांडातलं एन्टेबे आणि स्वित्झर्लंडमधलं लोझान इथल्या लोकांना पीतज्वराची तीच लस दिली तर एन्टेबेतला प्रतिसाद कमी आला. तिथल्या लोकांच्या पेशी लस देण्याआधीपासूनच जास्त चेतवलेल्या होत्या. सततचे परजीवी, इतर संसर्ग, हे सगळं वातावरणाचं देणं. एचआयव्हीच्या बाबतीत तर चेतवलेली सीडी४ पेशी म्हणजे विषाणूला आयतं भक्ष्य.

वक्रतारा

हे मी सोडलं ते चुकलंच. बरोबर आहे. पण हे वातावरण बदलणारं असतं, रक्तातलं नाही, एवढं माझ्याकडून जोडतो.

टिटवी

पिंपळपानच्या शेवटच्या वाक्यामुळे लस बनवणाऱ्यांची झोप उडते. एचआयव्हीला ओळखणाऱ्या सीडी४ पेशींनाच एचआयव्ही प्राधान्याने गाठतो. म्हणजे लसीने पहारेकरी वाढवले तर चोराला घरंही वाढवून मिळतात. स्टेपनंतर हा प्रश्न वारंवार विचारला गेला.

तरी स्टेप अगदीच वाया गेली असं नाही. लस घेऊनही ज्यांना लागण झाली त्यांच्यातले विषाणू तपासले तेव्हा गॅगच्या ८४ व्या जागी लसीच्या दाबाची खूण सापडली. टी-पेशी तिथे काहीतरी करत होत्या. पण चुकीच्या, विषाणूला सहज सोडून देता येईल अशा जागी.

आणि इथून लस-रचनेचा प्रश्न सुरू होतो: कपड्यांतला कोणता तुकडा दाखवायचा?

दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताळमधल्या कामाने २००७ मध्ये एक दिशा दिली. टी-पेशी गॅगवर रोखलेल्या असतील तर विषाणू कमी, आणि बाहेरच्या आवरणावर, म्हणजे एन्व्हवर रोखलेल्या असतील तर जास्त. एन्व्ह म्हणजे विषाणूचा अंगरखा, हवा तेव्हा बदलतो. एका उपप्रकारातल्या दोन विषाणूंत एन्व्हची अमिनो आम्लं २० टक्क्यांपर्यंत वेगळी असू शकतात, आणि दोन उपप्रकारांत ३५ टक्क्यांपर्यंत. त्यावर रोखलेली टी-पेशी कायम काल गेलेल्या माणसाचा पत्ता शोधत असते.

कोरा कागद

उपप्रकार म्हणजे बी, सी वगैरे ना? ते कुठे कुठे असतात?

टिटवी

थोडक्यात (ही विषाणूची अक्षरं, चिमट्यांची नव्हेत): बी अमेरिका, पश्चिम युरोप, ऑस्ट्रेलियात. सी दक्षिण आफ्रिका, इथिओपिया, भारतात, आणि जगातल्या जवळपास निम्म्या लागणी एकट्या सी च्या. आग्नेय आशियात एई हा संकर. ए पूर्व आफ्रिकेत आणि पूर्वीच्या सोव्हिएत देशांत. संशोधनाची वर्षं मोजली तर मात्र बी सगळ्यांच्या पुढे. कारण सांगायला नको.

आता मार्ग. मला दिसतात ते चार.

मोझेक: लॉस अलामॉसच्या बेट कोर्बर आणि सहकाऱ्यांची कल्पना. जगभरातले विषाणूक्रम संगणकात घालून त्यातून असं कृत्रिम प्रथिन शिवायचं की नऊ-नऊ अमिनो आम्लांचे जास्तीत जास्त प्रचलित तुकडे त्यात येतील. गोधडीच म्हणा. इम्बोकोडोत हीच होती. प्रश्न हा की गोधडीत विषाणूला सहज बदलता येणारे तुकडेही तेवढ्याच प्रेमाने शिवले जातात.

संरक्षित भाग: ऑक्सफर्डच्या टोमाश हान्के यांचा मार्ग. जे भाग सगळ्या उपप्रकारांत जवळपास सारखे आहेत तेवढेच घ्या, बाकी फेकून द्या. बार्सिलोनाच्या गटाने एचटीआय नावाची रचना केली. त्यांनी निकष उलटा लावला: विषाणू ज्यांच्यात दबलेला आहे त्यांच्या टी-पेशी कुठे बघतात, ते भाग घ्या.

तिसरा मला सगळ्यात देखणा वाटतो. २०१९ मध्ये गौरव गैहा आणि सहकाऱ्यांनी विषाणूच्या प्रथिनांची त्रिमितीय रचना जाळ्यासारखी पाहिली. कोणत्या अमिनो आम्लाचे शेजाऱ्यांशी सर्वाधिक धागे जुळलेत? ते हललं तर सगळी वीण उसवते. 'संरक्षित' आणि 'अडकलेलं' यात फरक आहे हे त्यांनी दाखवलं. एखादी जागा आजवर बदलली नाही म्हणजे बदलू शकत नाही असं नव्हे, कदाचित तिला कुणी कधी छेडलंच नसेल. जपानमधल्या १३५ व्या जागेचा धडा हाच होता. आणि कंट्रोलर लोकांच्या टी-पेशी अशा अडकलेल्या जागांवर रोखलेल्या सापडल्या, बी५७ किंवा बी२७ नसलेल्या कंट्रोलरमध्येसुद्धा! म्हणजे नशिबाने मिळालेला चिमटा हाच एक रस्ता नाही. योग्य जागा धरणारा चिमटा बहुतेक लोकसमूहांत कुठला ना कुठला असतो, पण लसीने तीच जागा समोर ठेवायला हवी.

पिंपळपान

आणि चौथा?

टिटवी

चौथा म्हणजे चिमट्यांचा वादच टाळायचा. ओरेगॉनमध्ये लुई पिकर यांनी सायटोमेगॅलोव्हायरस या दुसऱ्याच विषाणूच्या एका खास वाणावर माकडांच्या एचआयव्हीचे, म्हणजे एसआयव्हीचे तुकडे बसवले. लस दिलेल्या माकडांपैकी जवळपास निम्म्यांनी संसर्ग झाल्यावर तो दाबला आणि कालांतराने साफ केला. त्यांच्या सीडी८ पेशी नेहमीच्या चिमट्यांवर काम करतच नव्हत्या, त्या एमएचसी-ई नावाच्या चिमट्यावर चालत होत्या. माणसातला त्याचा भाऊ एचएलए-ई. आणि गंमत म्हणजे एचएलए-ई जगभर जवळजवळ एकसारखा आहे, मुख्य प्रकार दोनच. माणसात हे साधलं तर 'कोणत्या लोकसमूहाला कोणती लस' हा प्रश्नच मिटतो. त्या दिशेच्या व्हीआयआर-१३८८ लसीची माणसांतली प्राथमिक चाचणी २०२३ मध्ये सुरू झाली.

(एनके, म्हणजे नॅचरल किलर पेशींवर मुद्दाम लिहिलं नाही. विषाणूचं नेफ प्रथिन ए आणि बी चिमटे दोरीवरून खाली ओढतं आणि एनके पेशी 'दोरी रिकामी का?' म्हणून दार ठोठावतात. त्यांचे दोरी तपासणारे केआयआर रेणूही लोकसमूहागणिक बदलतात. तो वेगळ्या धाग्याचा विषय.)

वक्रतारा

अँटीबॉडीच्या बाजूला तरी जनुकांचा हा गोंधळ नसेल अशी माझी समजूत होती. २०२२ मध्ये आयएव्हीआय जी००१ या चाचणीचे निकाल वाचले आणि ती मोडली. एचआयव्हीच्या अनेक वाणांना रोखणाऱ्या व्हीआरसी०१ जातीच्या अँटीबॉडी पुढेमागे बनवू शकतील अशा दुर्मीळ बी-पेशी (अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी) जागवण्यासाठीची लस. ३६ पैकी ३५ जणांत त्या जागल्या, कौतुकाने टाळ्या पडल्या. उरलेल्या एकाकडे आयजीएचव्ही१-२ या जनुकाचा योग्य प्रकारच नव्हता. त्या प्रकारांचं प्रमाणही लोकसमूहागणिक वेगळं. बरं झालं की पुढची चाचणी, जी००३, थेट रवांडा आणि दक्षिण आफ्रिकेत घेतली आणि तिथेही त्या पेशी जागल्या.

कोरा कागद

म्हणजे त्या एका माणसात लस 'फसली' नव्हती, त्याच्याकडे ती पेशी मुळातच बनत नव्हती?

वक्रतारा

हो. आणि हे कळलं कारण त्याचं जनुक वाचून पाहिलं. 'प्रतिकारशक्ती वेगळी' म्हणून सोडून दिलं नाही.

रातकिडा

पहिल्यांदाच लिहितोय, बरेच दिवस नुसता वाचक आहे. जवळच्या नात्यातल्या एकाला एचआयव्ही आहे, गोळ्या चालू आहेत, विषाणू मोजमापाच्या खाली. अबाकॅव्हीर द्यायचं म्हणून तपासणी केली, तर बी५७:०१ पॉझिटिव्ह आला. हा धागा त्याला पाठवला. आता तो म्हणतो, "माझ्याकडे चांगला चिमटा आहे, गोळ्या बंद करून बघतो." त्याला काय सांगू?

गोगलगाय

रातकिडा, आजच सांगा: गोळ्या बंद करायच्या नाहीत. त्या रिपोर्टचा अर्थ एकच: त्याला अबाकॅव्हीर असलेलं कुठलंही औषध, मिश्र गोळीतूनसुद्धा, कधीही द्यायचं नाही. ही नोंद त्याच्या कागदांवर ठळक अक्षरात करून घ्या.

बी५७ असलेल्या बहुसंख्यांमध्ये विषाणू औषधांशिवाय दबत नाही. मुळात औषधांशिवाय दाबणाऱ्या कंट्रोलर लोकांतही आतला दाह चालूच असतो. २०१५ पासून जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला स्पष्ट आहे: निदान झालं की उपचार, सीडी४ पेशींची संख्या कितीही असो. गोळ्या थांबवल्या की काही आठवड्यांत विषाणू परत येतो, आणि मग तो त्याच्यापासून दुसऱ्याला लागूही शकतो, जे आत्ता होत नाहीये.

टिटवी

रातकिडा, माझ्याकडून एक. त्याला जपानची गोष्ट वाचायला सांगा. चिमटा चांगला असेलही, पण त्याच्या अंगातला विषाणू कुणाकुणाच्या चिमट्यांतून निसटून त्याच्यापर्यंत आलाय ते त्या रिपोर्टवर छापलेलं नसतं.

रातकिडा

दाखवलं दोन्ही. गोळी घेतली त्याने, माझ्यासमोर. रिपोर्टचा फोटो काढून पाकिटात ठेवलाय.